घेतली म्हटल्याशिवाय सोडायची नाय

माझी उभी नोकरी पोरींना चोर पकडायला शिकवण्यात गेली. पोलीस खात्यात नव्हते हो मी! पेणमध्ये मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. पण लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय शिकवत होतात?" की मी गंभीर चेहऱ्याने "चोर पकडायला" एवढंच सांगते आणि समोरचीचा घास हातात कसा अडकतो ते बघत बसते. निवृत्त बाईला एवढी करमणूक तरी हवीच.

तर तो खेळ होता बेसबॉल. मी पहिल्यांदा परवानगी मागायला गेले तेव्हा हेडसरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, म्हणजे लगोरी का?" मी म्हटलं, "जवळपास," आणि सही घेऊन बाहेर पडले. फार थोर ध्येयबिय नव्हतं माझं. शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ होता आणि कबड्डी-खोखोला जी झुंबड असायची ती इथे नव्हती. म्हटलं, चार पोरी तरी तालुक्याबाहेरचं मैदान बघतील. मी खेळ धरला तो असा आपमतलबाने. पुढे त्यानेच मला धरलं ते सोडलं नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, म्हणजे तुम्ही सगळेच, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंगणात चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार पाट मांडलेत असं समजा. त्यांना म्हणायचं बेस. चेंडू मारायचा, पळत एकेक पाट गाठायचा, चारही फिरून परत आलात की एक धाव. आता पहिल्या पाटावर येऊन थांबलेली पोरगी काय करते? आमची पिचर चेंडू टाकायला लागली रे लागली, की ती फटक्याची वाटही न बघता दुसऱ्या पाटाकडे सूंबाल्या करते. ही बेसची चोरी. अगदी नियमात बसणारी, राजरोस.

चोर पकडायचं काम कॅचरचं. ती बॅटवालीच्या मागे उकिडवी बसलेली. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला पॅड, हातात भाकरीएवढा ग्लव्ह. चेंडू ग्लव्हमध्ये 'थाप्' करून पडला की तिने उठायचं, हात मागे घ्यायचा आणि मैदान मधोमध कापून थेट दुसऱ्या पाटावर फेकायचा. तिथे आमची दुसरी पोरगी ग्लव्ह पसरून उभी. तिच्या ग्लव्हमध्ये 'थाप्' वाजली, तिने तो ग्लव्ह पळत येणारीला टेकवला, की चोर बाद. पहिल्या थापेपासून दुसऱ्या थापेपर्यंतचा वेळ मोजणं, हा माझा धंदा. मोठे बापे खेळाडू हे दोन सेकंदांत उरकतात म्हणे. माझ्या आठवी-नववीच्या पोरींना मी अडीच ठरवून दिले होते. त्या अडीचचं शाळेत एवढं वेड लागलं, की पाण्याच्या नळावरसुद्धा पोरी एकमेकींना म्हणायच्या, "अडीचमंदी ये गो, बेल होईल!"

कॅचर नाना तऱ्हेच्या मिळाल्या. एक चेंडू आला की डोळे गच्च मिटायची आणि तरी झेलायची, कशी ते देव जाणे. एक वालाच्या शेतातली पाखरं हाकून हाकून तयार झालेली. तिचा नेम असा, की मैदानाकडेच्या आंब्याला कैऱ्या धरल्या की सरावाचे चेंडू आपोआप तिकडे वळायचे. पण सांगायची आहे ती दर्शनाची गोष्ट.

दर्शना गणपतीच्या कारखान्यातली. पेणमध्ये 'कारखाना' म्हटलं की धुरांडं शोधू नका, मूर्ती शोधा. तिच्या बाबांचा कारखाना लहान, घराला लागूनच. माती मळून मळून पोरीचे हात असे तयार झालेले, की पहिल्याच दिवशी तिने फेकलेला चेंडू घेताना माझी बोटं झिणझिणली. मी मनात म्हटलं, बाई, तुझं नशीब उघडलं! लगेच मास्क तिच्या डोक्यात घातला. शाळेत एकच मास्क होता, खेळाच्या खोलीत दाराआड खिळ्याला टांगलेला. तो ज्या पोरीला मिळायचा ती वर्षभर मानाची.

आणि मग आम्ही रोह्याशी खेळलो. कप्पाळ माझं! रोह्याकडे सना होती, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावची. रोज पूल पळत ओलांडून शाळेत यायची म्हणत. पाय जमिनीला लागतात की नाही याचाच संशय यावा. तिने त्या दिवशी जेवढे म्हणून पाट होते तेवढे चोरले. दर्शनाचा चेंडू सणसणत यायचा खरा, पण तोवर सना पाटावर उभी राहून कपडे झटकत असायची. एकदा तर तिने वेणीसुद्धा नीट केली. रोह्याचे सर माझे जुने स्नेही, पण जिभेला हाड नाही. निघताना म्हणाले, "बाई, पेणेत चोऱ्या फार वाढल्यात हो! कुलूपबिलूप लावा काहीतरी."

परतीच्या एसटीत दर्शना मास्क मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. नागोठणं गेल्यावर तिने तोंड उघडलं. "बाई, अजून एक वर्ष द्या. सनाला एकदा, एकदाच बाद करीन. नाय जमलं तर मास्क खिळ्याला टांगीन आन् परत मैदानात येणार नाय." डोळ्यांत पाणी होतं. मी "अगं वेडे" वगैरे म्हटलं, पण तिचं बोलणं थट्टेवारी नेलं नाही. ही पोरगी बोलल्याप्रमाणे वागणाऱ्यांतली होती, आणि बेसबॉलवर तिच्याएवढा जीव आमच्यात कुणाचाच नव्हता.

मी कंबर कसली. जांभळीला टायर टांगला, त्यातून चेंडू आरपार घालवायचा. अंतर दर आठवड्याला थोडं वाढवायचं. उंच फेकू नको, सरळ फेक, वाटेत एक टप्पा पडला तरी चालेल, हे शंभरदा सांगितलं. चेंडूला वेग किती हवा तेही ठरवून दिलं. पण वेग मोजायचा कशाने? तेवढ्यात मला आठवण झाली हायवेची.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील हायवेवर ड्युटीला असायचे, हातात ती स्पीडगन घेऊन. मी दर्शनाला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. ते म्हणाले, "मॅडम, सरकारी वस्तू हाय ती. गाड्या मोजायला."

"मग हिला गाडी समजा," मी म्हटलं.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि हसू दाबत गन उचलली. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत दर्शना, समोर ग्लव्ह घेऊन मी, माझ्या खांद्यामागे पोलीस. तिने चेंडू सोडला, माझ्या ग्लव्हमध्ये थाप् वाजली, आणि मागून आवाज आला, "बाहत्तर! अवो मॅडम, हिला लायसन काढून द्या!" गन बघून लांबूनच एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक लावला. आम्ही तिघंही हसत सुटलो. टेम्पोवाला बिचारा कागदपत्रं घेऊन खाली उतरला, तर त्याला सांगितलं, "तू जा रे, तुझं काय नाय, ह्या पोरीचं चाललंय."

म्हणजे वेग होता! मी ठरवून दिला होता त्यापेक्षाही जास्त होता. मी उड्या मारतच शाळेत आले, स्टॉपवॉच घेतलं, पोरींना पाटांवर उभं केलं. थाप् ते थाप् मोजलं, तर तीन सेकंद. पुन्हा मोजलं, तर पुन्हा तीन. आता बोला! चेंडू बाणासारखा जातो, तरी उशिरा पोचतो. मधला अर्धा सेकंद कुणी खाल्ला? मी स्टॉपवॉच बदललं. दर्शनाचे बूट बदलले. 'नाचता येईना, अंगण वाकडं' तसं मैदानसुद्धा पावलांनी मोजून बघितलं. अर्धा सेकंद काही सापडेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. आषाढ लागला, कारखान्यांत लगीनघाई सुरू झाली आणि दर्शना सरावाला येईनाशी झाली. बाबांना भेटून विनवावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

"या बाई," तिचे बाबा म्हणाले. मांडीवर मूर्ती, हातात पॉलिशपेपर. "पाय तेवढा बघून ठेवा. सगळीकडं देवच हायत."

मी अंग चोरून एका स्टुलावर बसले. समोर माळ्यावरून मूर्ती खाली उतरवणं चाललं होतं. शिडीवर दर्शना, खाली तिची आत्या. दर्शनाने मूर्ती खाली दिली, आत्याने दोन्ही हात लावले, तरी दर्शनाचे हात मूर्तीवरच. आत्या म्हणाली, "घेतली." मग दर्शनाचे हात सुटले. आत्याने पुढे काकांकडे दिली. काका म्हणाले, "घेतली." मग आत्याचे हात सुटले. घेतली, घेतली, घेतली. एका तालात चाललेलं. मला गंमत वाटली, बाकी काही डोक्यात शिरलं नाही. चाळीस पोरींना शिकवून शिकवून माझं डोकं जरा जाडच झालं होतं.

दर्शना खाली उतरली, हात पुसून माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी कप धरला. तिने सोडला नाही. मी ओढला. तरी सोडला नाही. मी जरा जोर लावला, तर अर्धा चहा माझ्या साडीवर.

"अगं सोड की!"

"बाई, घेतली म्हना ना!" ती रडवेली होऊन म्हणाली.

"चहाला कोण घेतली म्हणतं?"

"आमच्याकडं सगळ्याला घेतलीच म्हंतात."

बाबा हसत फडकं घेऊन आले. म्हणाले, "लहान असताना तिच्या हातनं एक मूर्ती निसटली. आत्यानं धरली असंल असं वाटलं तिला. रागावलो नाय मी. एवढंच सांगितलं, समोरचा घेतली म्हटल्याशिवाय सोडायची नाय. तवापासून पोरीनं एक पण फोडली नाय, सांगतो तुम्हाला."

मी साडीवरचा चहा तसाच टाकून उभी राहिले. सापडला! माझा अर्धा सेकंद सापडला! पोरगी चेंडू झेलत होती, उठत होती, हात मागे नेत होती, आणि दुसऱ्या पाटावरची पोरगी 'घेतली' म्हणायची वाट बघत होती. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. मी त्या दाटीतच दर्शनाला मिठी मारली. बाबा ओरडले, "बाई, कोपर! मागं गौरी हाय!"

आता खोड मोडायची कशी? "समोर बघूच नको" असं सांगून पाहिलं, तर चेंडू शेजारच्या घराच्या पत्र्यावर. "मनात तूच म्हण" असं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई, आपनच दिली आन् आपनच घेतली असं कुठं असतंय?" बरोबरच होतं तिचं. शेवटी तोडगा काढला जुईने. जुई म्हणजे आमची दुसऱ्या पाटावरची पोरगी, खाडीकाठच्या गावातून यायची. घरचं मिठागर. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय, त्यामुळे ती कानात बोलली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जायचं.

"त्यात काय हाय?" जुई म्हणाली. "मी आधीच वरडते घेतली म्हनून."

"पन घेतलेली नसते ना तू!" दर्शना.

"गो, मी बोलले म्हंजे घेतलीच समज. सोडनार नाय मी."

दर्शनाने मान डोलावली. मग मास्क खाली ओढला. पिचरने चेंडू टाकला, थाप् वाजली, जुई पाटाकडे धावता धावता "घेतलीऽऽ" म्हणून अशी ओरडली की जांभळीवरचे कावळे उडाले, आणि दर्शनाचा हात सुटला. मी स्टॉपवॉच बघितलं. अडीच! अगदी अडीच! मी मैदानात गिरकी घेतली. हेडसर खिडकीतून बघत होते, त्यांनी खिडकी लावून घेतली.

गणपती झाले, गौरी झाल्या, आणि आम्ही रोह्याला निघालो. एसटीचा कंडक्टर मास्क बघून म्हणाला, "वेल्डिंगचं काम हाय काय रोह्यात?" दर्शनाचे बाबाही होते बरोबर. सीझन संपला होता. म्हणाले, "बघू तरी, पोर काय करते ते."

पहिल्याच डावात सना पहिल्या पाटावर आली आणि पळाली. जुई ओरडली, चेंडू वेळेवर गेला, जुईच्या ग्लव्हमध्ये पडला आणि उडून बाहेर आला. सना पाटावर. दर्शनाने मास्क वर करून जुईकडे असं बघितलं, की जुईने दोन्ही कान धरले. रोह्याच्या सरांनी लांबून मला कुलूप लावल्याची खूण करून दाखवली. मी तोंड फिरवलं.

पण पोरी जिद्दीच्या निघाल्या. जुई प्रत्येक चेंडूला ओरडत होती, गरज असो नसो. धाव येत होती, धाव जात होती, आणि शेवटचा डाव आला तेव्हा बरोबरी होती. रोह्याची बॅटिंग, आणि पहिल्या पाटावर पुन्हा सना. मी दर्शनाकडे बघितलं. मास्कच्या जाळीतून काय दिसणार? पण मला ठाऊक होतं तिच्या मनात काय चाललंय. ही शेवटची वेळ. सना सुटली, की मास्क खिळ्याला.

जुई पाटाजवळून मला हाताने काहीतरी सांगत होती. गळ्याकडे बोट दाखवत होती. माझ्या लक्षात येईपर्यंत पिचरने हात फिरवलासुद्धा. पोरीचा घसा बसला होता!

सना सुटली. थाप्! दर्शना उठली, हात मागे गेला. जुई पाटाकडे धावली, तोंड मोठ्ठं उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. दर्शनाचा हात वरच्या वर थांबला. मी तो अडकलेला हात बघितला. एवढी वर्षं शिट्टी फुंकणारी बाई मी, गळ्यातली शिट्टी चाचपत राहिले.

आणि कुंपणाकडून गरजल्यासारखा आवाज आला, "घेतलीऽऽऽ!"

बाबा! कुंपणाच्या तारेला दोन्ही हातांनी धरून, चपला गवतात सोडून, तिचे बाबा ओरडले होते.

हात सुटला. चेंडू पिचरच्या डोक्यावरून सपाट गेला, एक टप्पा पडला, जुईने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि घसरत येणाऱ्या सनावर अक्षरशः लोळण घेतली. धुरळा उडाला. पंच वाकले. जुईने ग्लव्ह उघडून दाखवला. चेंडू आतच होता. पंचांचा अंगठा वर गेला. सना बाद!

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी नाचले, एवढं खरं. पोरी नाचल्या. बाबा कुंपणावरून चढून आत आले, ते पंचांनी पुन्हा बाहेर घालवले. सना उठली, कपडे झटकले, आणि लांबूनच दर्शनाला हात केला. तो चेंडू किती वेळात गेला विचाराल, तर मला ठाऊक नाही. स्टॉपवॉच हातात होतं, पण बटण दाबायचं राहून गेलं.

पुढच्याच चेंडूवर रोह्याच्या एका दणकट पोरीने असा फटका मारला, की चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून झाडीत. ती आरामात चारही पाट फिरून परत आली आणि आम्ही हरलो. पण आमचं नाचणं थांबलंच नव्हतं. रोह्याचे सर धावत आले. "बाई, अहो बाई! जिंकलोय आम्ही!"

"माहीत आहे हो," मी म्हटलं, "अभिनंदन!" आणि पुन्हा नाचायला गेले. ते डोकं खाजवत उभे राहिले.

एसटी स्टँडवर मी बाबांना विचारलं, "तुम्हीच तिला शिकवलंत ना, समोरचा घेतली म्हटल्याशिवाय सोडायची नाही? आणि हातात काही नसताना तुम्हीच कुंपणापलीकडून ओरडलात? पडली असती तर?"

"पोरीचा हात अडकलेला दिसला हो," ते म्हणाले. मग हसले. "आन् पडली असती तर पडली असती. चेंडूच हाय बाई, गणपती थोडाच हाय!"

मास्क पुढे दोन वर्षं दर्शनाच्याच डोक्यात राहिला. जुईची हाक तर शाळेलाच चिकटली. कुणीही चोर पळाला, की मैदानातल्या, कडेच्या, वर्गाच्या खिडकीतल्या सगळ्या पोरी एका सुरात "घेतलीऽऽ" ओरडायच्या. मोठं मैदान काही आम्हाला मिळालं नाही, दुसरा मास्कही नाही. त्याची हळहळ आहे. त्या खेळामागे मी आणखी जोर लावायला हवा होता असं अजून वाटतं.

मी निवृत्त झाले त्या दिवशी समारंभ झाला, शाल झाली, भाषणं झाली. मग मी खेळाच्या खोलीकडे गेले. माझ्या जागी येणारी नवी बाई दाराशीच उभी होती, मानधनावर का होईना, पण नेमलेली. दर्शना. मागे संघातल्या पोरी दाटीवाटीने उभ्या.

मी किल्ली पुढे केली. तिने हात लावला. म्हणाली, "घेतली, बाई."

माझी बोटं उघडेनात.

"बाई, घेतली म्हटलं ना."

मी हसत होते, डोळे पुसत होते, पण किल्ली काही सुटत नव्हती. दर्शनाने मागे वळून पोरींना नुसती मान हलवली, आणि सगळ्या पोरी एकदम ओरडल्या, "घेतलीऽऽऽ!"

तेव्हा सुटली.